अभ्यासक्रमाची कारणं कुठे ठेवली?

बडोद्यात विद्यापीठाचा विषय निघाला की बोलणं ठरलेल्या वळणाने जातं. सेनेट आणि सिंडिकेट ही विद्यापीठाची कारभारी मंडळं गेली, त्यांच्या निवडणुका गेल्या, आता सगळं गांधीनगरहून ठरणार. २०२३ च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने राज्यातली अकरा विद्यापीठं एका कायद्याखाली आली आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा १९४९ पासूनचा स्वतंत्र कायदा संपला. रावपुऱ्यात दुकान चालवणाऱ्या ज्या माणसाचा विद्यापीठाशी संबंध मुलीच्या बी.कॉम.पुरताच आला, तोसुद्धा यावर तावातावाने बोलतो. बोलावंच त्याने, शहराचं विद्यापीठ आहे. माझी तक्रार वेगळी आहे. अभ्यासक्रम कोण ठरवतं यावर आपण इतकं भांडलो की तो तसा का ठरवला, हे विचारायचं राहूनच गेलं. आणि सेनेट होती तेव्हाही ते राहिलंच होतं.

थोडं मागे जाऊ. बडोदा कॉलेज १८८१ मध्ये सुरू झालं आणि पुढची अडुसष्ट वर्षं इथल्या वर्गांत मुंबई विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकवला गेला. इमारत संस्थानाची, घुमट वास्तुविशारद चिझमचा, परीक्षा मुंबईची. १९४९ मध्ये स्वतःचं विद्यापीठ झालं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि अभ्यासक्रम घरचा झाला. तिसरा टप्पा आत्ताचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा आराखडा दिला. तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून मोजलेले गुणांक. त्यातले ६० मुख्य विषयाचे, २४ दुय्यम विषयाचे, ९ बहुविद्याशाखीय, ८ भाषांचे, ९ कौशल्याचे, उरलेले मूल्यवर्धित विषयांचे आणि इंटर्नशिपचे. जून २०२३ पासून गुजरातभर पदवीचं पहिलं वर्ष नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे सुरू झालं. मुंबई, बडोदा आणि आता दिल्ली-गांधीनगर अशा तीन अमदानी झाल्या. तिन्हींत शिक्षकाच्या हाती पडला तो शेवटचा, सही-शिक्क्याचा कागद. अमुक प्रकरण का गेलं, तमुक का आलं, आठवड्याचे सहा तास चारवर का आले, याचं उत्तर त्या कागदावर नसायचं.

विषयाचा अभ्यासक्रम बेतणाऱ्या अभ्यास मंडळाची बैठक ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विभागप्रमुख अध्यक्ष, विभागातले चार-सहा शिक्षक, बाहेरगावचे एक-दोन तज्ज्ञ, कधीमधी कारखान्यातला एखादा अधिकारी. मसुदा आदल्या रात्री ईमेलवर येतो, नाहीतर टेबलावरच मिळतो. बाहेरून आलेले तज्ज्ञ संदर्भग्रंथांच्या यादीत दोन पुस्तकं वाढवतात, कारण आल्यासारखं काहीतरी करायला हवं. मग चहा आणि प्रवासभत्त्याचा फॉर्म. कागद तिथून विद्याशाखा मंडळाकडे जातो, तिथून विद्या परिषदेकडे, आणि प्रत्येक पायरीवर इतिवृत्तात तेच दोन शब्द पडतात: चर्चेअंती मंजूर. चर्चा होत नाही असं मी म्हणत नाही. कधी कधी फार चांगली होते. एखादे ज्येष्ठ प्राध्यापक वीस मिनिटं असं काही बोलतात की ते छापून ठेवावं. पण ते छापलं जात नाही, लिहिलंही जात नाही. सर निवृत्त होतात आणि ती वीस मिनिटं त्यांच्याबरोबर घरी जातात.

मी रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून उदाहरण तिथलं देतो. बडोद्याबाहेरच्या एका विद्यापीठात मंडळाचा बाहेरचा सदस्य म्हणून गेलो होतो. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांतून सॉल्ट अ‍ॅनालिसिस जवळजवळ काढून टाकलेलं दिसलं. क्षारातले आयन एकेक करून ओळखायचे, गट पाडायचे, शंका आली की पुन्हा खात्री करून घ्यायची. हाताला आणि डोक्याला एकाच वेळी वळण लावणारं एवढं स्वस्त प्रात्यक्षिक दुसरं नाही. का काढलं, असं विचारलं. एक जण म्हणाले, त्याला लागणारा हायड्रोजन सल्फाइड वायू विषारी, आणि असा वायू बाहेर ओढून नेणारं फ्यूम हूड आमच्या प्रयोगशाळेत नाही. दुसरे म्हणाले, छे, प्रात्यक्षिकाचे तासच कमी झाले. तिसऱ्यांची समजूत होती की हे वरून आलं. तिघेही प्रामाणिक होते. पण तीन कारणांचे उपाय तीन वेगवेगळे आहेत. हूड नसेल तर पैसे मागायचे किंवा त्या वायूऐवजी थायोअ‍ॅसिटामाइड हे रसायन वापरून थोड्या प्रमाणातली पद्धत घ्यायची. तास कमी पडत असतील तर वेळापत्रकाशी भांडायचं. वरून आलं असेल तर वर विचारायचं. कारणच माहीत नसल्यामुळे यातलं काही झालं नाही. पुढे कळलं की नंतरच्या फेरबदलात ते प्रात्यक्षिक परत आलं, कारण ‘मुलांना बेसिक येत नाही’. हूड तेव्हाही आलेलं नव्हतं.

हे एका विषयापुरतं नाही. अभ्यासक्रम बदलण्याला आपल्याकडे गुणच मिळतात. उच्च शिक्षणसंस्थांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात पहिला निकष अभ्यासक्रमाचा, आणि गेल्या पाच वर्षांत किती अभ्यासक्रमांत फेरबदल केला याची टक्केवारी त्यात मागितली जाते. टक्केवारी मागितली की टक्केवारी तयार होते. प्रकरणांचे क्रमांक बदलतात, ‘परिचय’चं ‘मूलतत्त्वे’ होतं, एका सत्रातलं दुसऱ्या सत्रात जातं. बदल झाला हे दाखवायला कागद लागतो. का झाला हे दाखवायला कुणी सांगत नाही, म्हणून तो कागद बनत नाही.

कारण न लिहिण्याची किंमत मोठ्या प्रमाणावर कशी मोजावी लागते ते एनसीईआरटीच्या, म्हणजे शालेय पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, प्रकरणात दिसलं. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार झाला तेव्हा त्याच्या जोडीला एकवीस अभ्यासगटांचे निबंध प्रसिद्ध झाले होते. गणित असं का शिकवावं, भाषा अशी का शिकवावी, परीक्षा का बदलाव्यात, हे तिथे वाचता येतं आणि वाचून विरोधही करता येतो. पुढे पाठ्यपुस्तकं ‘हलकी’ करण्याची मोहीम निघाली, वगळलेल्या भागांच्या याद्या निघाल्या. आणि २०२३ मध्ये असं उघड झालं की याद्यांत नसलेलेही काही मजकूर गेले आहेत. त्यावर अनवधानाने राहिलं असेल, असा खुलासा झाला. राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी त्याच जूनमध्ये पत्र लिहून आपली नावं काढायला सांगितली. वगळावं की ठेवावं यावर दुमत असू शकतं. पण ज्यांनी पुस्तक घडवलं त्यांनाही काय गेलं आणि का गेलं हे बाहेरून कळावं, ही पद्धत कुठल्याच पक्षाच्या माणसाने चांगली म्हणू नये.

आता बडोद्याबद्दल. इथल्या मराठी माणसाला सयाजीरावांचं नाव काढलं की गहिवर येतो, आणि खरं सांगायचं तर मला त्या गहिवराचा कंटाळा आला आहे. पुतळ्याला हार घालून झाल्यावर त्यांच्या कामाची पद्धत कुणी बघत नाही. ती बघण्यासारखी आहे. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं. मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररीचं काम सगळ्यांना ठाऊक आहे, पण मला महत्त्वाचं वाटतं ते फिरतं ग्रंथालय: लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत पाठवायची, वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. बॉर्डन परत गेल्यावर जनार्दन कुडाळकरांनी ते काम नेटाने चालवलं. ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं त्रैमासिक बडोद्याहून १९१२ पासून निघत होतं. इंग्रजीबरोबर त्यात गुजराती आणि मराठी भागही असायचे. ग्रंथालयं कशी चालवावीत याची चर्चा ग्रंथपालांपुरती न ठेवता वाचकाच्या दोन्ही भाषांत छापायची, हे त्या वेळी कुणाला तरी सुचलं. शंभरहून अधिक वर्षं लोटली. आज आपल्या विद्यापीठांत अभ्यासक्रमाची चर्चा किती भाषांत छापली जाते? एकाही नाही, कारण मुळात छापलीच जात नाही.

त्याच काळातली दुसरी गोष्ट याहून उपयोगी आहे. सक्तीचं प्राथमिक शिक्षण सयाजीरावांनी एकदम सगळ्या संस्थानात आणलं नाही. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात करून पाहिलं. सगळ्या संस्थानात ते १९०६ मध्ये लागू झालं. मधली तेरा वर्षं राजा थांबला. त्याच्या हातात एक हुकूम काढण्याची ताकद होती, विचारणारं कुणी नव्हतं, तरी थांबला. उलट दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी एका झटक्यात आणली आणि वर्ष पुरं होता होता २०१४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. मधल्या मध्ये एक अख्खी तुकडी सापडली. आता देशभर पुन्हा चार वर्षांची पदवी आली आहे, आणि ती कदाचित चांगलीही असेल. पण पहिल्या खेपेला नेमकं काय फसलं याचा लेखी ताळा मांडून दुसरी खेप सुरू झाली, असं छातीठोकपणे कोण म्हणेल?

नव्या धोरणात एक तरतूद अशी आहे की तिच्यामुळे हा प्रश्न आता आवडीनिवडीचा राहिलेला नाही. २०२१ च्या नियमांनी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. विद्यार्थ्याने एका विद्यापीठात मिळवलेले क्रेडिट दुसरीकडे वटवायचे. एक वर्ष करून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं, दोन वर्षांनी डिप्लोमा, पुन्हा आत यायचं. जमा क्रेडिट सात वर्षांपर्यंत धरायचे. कल्पना उत्तम आहे. लग्न झालेली मुलगी, वडील गेल्यावर दुकानावर बसलेला मुलगा, यांना परतीची वाट मिळते. पण ती मुलगी पाच वर्षांनी बडोद्याऐवजी नागपूरला पुन्हा प्रवेश घेईल, तेव्हा तिच्या खात्यात दिसेल विषयाचं नाव आणि चार हा आकडा. त्या चारांत काय शिकवलं होतं? तोवर बडोद्याचा अभ्यासक्रम दोनदा बदललेला असेल. जुना कुठे मिळेल? संकेतस्थळांवर सर्रास असं होतं की नवी पीडीएफ चढली की जुनी उतरते. बँक म्हणायचं आणि पासबुकात व्यवहाराचा तपशील ठेवायचा नाही, असला हा कारभार.

बडोद्यातून परदेशी गेलेल्यांना हे आधीच भोगावं लागतं. इंजिनिअर, फिजिओथेरपिस्ट, नर्स, शिक्षक. तिकडे व्यवसायाचा परवाना मागायला गेलं की पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रत्येक विषयाचा तपशील मागतात. मग इकडे म्हातारे आईवडील विभागाच्या चकरा मारतात, कुणीतरी कपाटातून जुनं पुस्तक शोधून देतं, झेरॉक्स, शिक्का, कुरिअर. कपाटात सापडलं तर. ज्या शहरातून घरटी एक माणूस कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात आहे असं गमतीने म्हणतात, तिथल्या विद्यापीठांनी जुन्या अभ्यासक्रमांचं कायमचं, तारीखवार, कुणालाही उघडता येईल असं दप्तर ठेवणं ही किमान नागरी सेवा आहे.

आणि हे जमत नाही असं नाही. पीएच.डी.चे प्रबंध बघा. एके काळी प्रबंध म्हणजे ग्रंथालयाच्या बंद खोलीतली धूळ. आयोगाने प्रबंध ऑनलाइन ठेवण्याचा नियम केला, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने ‘शोधगंगा’ उभी केली. आज कोल्हापूरचा विद्यार्थी बडोद्याचा प्रबंध घरबसल्या वाचतो आणि त्यातली उचलेगिरीही पकडतो. तो कुठल्यातरी एका विषयात खोल गेलेल्या एका माणसाचा कागद. हजारो मुलं दर वर्षी ज्यातून जातात, त्या कागदाला तेवढंही भाग्य नसावं?

मला काय हवं आहे ते आता सांगतो. अभ्यासक्रमाचा मसुदा मंजुरीआधी महिनाभर लोकांसमोर असावा. नवा आणि जुना शेजारी शेजारी असावेत, म्हणजे काय गेलं आणि काय आलं ते शोधावं लागू नये. प्रत्येक बदलासमोर दोन ओळींत कारण असावं: तास कमी, साधन नाही, शिकवणारं कुणी नाही, विषय जुना झाला, वरून आदेश आला, जे असेल ते. ‘शिकवणारं कुणी नाही’ हे कारणही लाज न वाटता लिहावं. रिकाम्या जागा आणि कंत्राटी शिक्षक यांच्यामुळे किती विषय मेले, याची यादी मग आपोआप तयार होईल, आणि तीच यादी सरकारसमोर ठेवता येईल. सूचना आल्या तर त्यांची उत्तरं त्याच जागी. आणि जुनं काही पुसायचं नाही.

यात नवा कायदा लागत नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५ मध्ये आला. आपण तो अर्ज करून माहिती काढण्याचा कायदा म्हणून ओळखतो, पण त्याच्या चौथ्या कलमात अर्जाची वाट न बघता आपणहून काय जाहीर करायचं ते लिहिलं आहे. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय घेताना त्यामागची तथ्यं प्रसिद्ध करावीत आणि ज्यांना निर्णयाची झळ पोचते त्यांना कारणं द्यावीत, असं ते कलम म्हणतं. सार्वजनिक विद्यापीठ हे सार्वजनिक प्राधिकरण आहे, यात शंका नाही. केंद्र सरकारनेही २०१४ मध्ये ठरवलं की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा. पाळतात किती, तो वेगळ्या लेखाचा विषय. पण देशाच्या कायद्याचा मसुदा दाखवता येतो आणि बी.ए.च्या दुसऱ्या सत्राचा दाखवता येत नाही, हे पटत नाही.

यावर एक आक्षेप असा आहे की त्याला मी हलकं घेणार नाही. बडोद्यात तर नाहीच. २००७ च्या मे महिन्यात फाइन आर्ट्सच्या एका विद्यार्थ्याने परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून बाहेरची माणसं आवारात शिरली, विद्यार्थ्याला अटक झाली, आणि त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या प्रभारी अधिष्ठात्यांना निलंबित केलं गेलं. ज्यांनी ते दिवस पाहिले ते म्हणतात, मसुदा महिनाभर चौकात टांगलात तर पहिले वाचक कोण असतील ते आम्हाला माहीत आहे. एखादी कविता, एखादं प्रकरण, एखादं आडनाव शोधत येतील. शिक्षक आधीच घाबरलेला. तो वादाचं काही सुचवणारच नाही. ही भीती खरी आहे, आणि उघडेपणाचे भक्त तिला ‘लोकशाहीत असं होणारच’ म्हणून झटकतात ते मला आवडत नाही.

पण बंद दारांनी शिक्षकाला वाचवलं का? २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी अभ्यासक्रमातून रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी गेली ती मंडळात चर्चा होऊन नव्हे. आरडाओरडा झाला आणि कुलगुरूंनी तातडीच्या अधिकारात ती काढली. ती का ठेवली होती याचं मंडळाने आधीच लिहून प्रसिद्ध केलेलं टिपण असतं तर ती वाचली असती, असं मी म्हणणार नाही. पण काढणाऱ्याला निदान त्या टिपणाला उत्तर द्यावं लागलं असतं. गर्दीला कोऱ्या कागदाशी भांडणं सोपं जातं. माझा तोडगा असा की कारण मंडळाच्या नावावर असावं, कुणा एका शिक्षकाच्या नावावर नको. कोणी सुचवलं हे कार्यालयात राहू दे. काय आणि का, ते बाहेर. आणि तातडीच्या अधिकारात काही काढलं तर त्याचं कारण मात्र काढणाऱ्याने स्वतःच्या सहीने द्यावं. यानेही धोका पूर्ण टळत नाही. फाइन आर्ट्ससारख्या विभागांत काही गोष्टी शिक्षकाच्या विवेकावर सोडाव्याच लागतील, त्या कागदावर आणण्याचा हट्टही नको.

बाकीचे आक्षेप एवढे वजनदार नाहीत. वेळ नाही म्हणतात. दोन ओळींना किती वेळ लागतो? निष्पत्ती आणि उद्दिष्टांचे जे तक्ते शिक्षक हल्ली भरतात, उजवीकडे एक-दोन-तीन असे आकडे टाकून, त्यातला एक तक्ता कमी केला तरी पुरे. दुसरं म्हणतात, अभिप्राय तर आम्ही घेतोच. घेता, आणि नॅकसाठी कार्यवाहीचा अहवालही चढवता. मी असे बरेच चाळले आहेत. रंगीत वर्तुळं असतात, इतके टक्के समाधानी, तितके टक्के अतिशय समाधानी. कोणत्या माजी विद्यार्थ्याने कोणतं प्रकरण निरुपयोगी म्हटलं आणि मंडळाने ते का ठेवलं, हे त्या वर्तुळांत शोधून सापडत नाही.

तिसरं म्हणणं उद्योगांचं. त्यांना वाटतं की अभ्यासक्रम आमच्या गरजेचे करा, बाकी चर्चा कशाला. बडोद्याला हे शिकवायची गरज नाही. १८९० मध्ये कलाभवन निघालं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. तांत्रिक शिक्षण देशी भाषांतून द्यायचं म्हणून त्यांनी गुजराती-मराठीत पुस्तकं तयार करवायला घेतली. पुढे याच गज्जरांचं नाव कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्याबरोबर १९०७ च्या अलेंबिक या औषध-रसायन कारखान्याच्या स्थापनेत येतं. कोयलीची रिफायनरी, खतांचा कारखाना, आयपीसीएलचा पेट्रोकेमिकल कारखाना हे सगळं नंतरचं. तेव्हा उद्योग आणि वर्ग यांचं नातं इथे जुनं आहे, आणि मंडळात कारखान्याचा माणूस असावा असंच माझं मत आहे. फक्त त्याची मागणीही कारणासह लिहिलेली असावी. कारखान्याला हवं ते यंत्र पाच वर्षांत भंगारात जातं, त्यावर शिकलेला मुलगा चाळीस वर्षं नोकरी करतो. त्याच्या अभ्यासक्रमात ते यंत्र का घातलं, हे त्याला पुढे कधीतरी विचारता यायला हवं.

सुरुवात कुठून करावी? मोठ्या विद्याशाखांत पहिल्या वर्षी गोंधळ होईल, म्हणून माझं बोट मराठीकडे जातं. विद्यार्थी थोडे, शिक्षक थोडे, आणि वाद भरपूर. इथला मराठी विद्यार्थी कोण आहे ते बघा. पणजोबा गायकवाडांच्या चाकरीत आले, घरात मराठी, शाळा गुजराती किंवा इंग्रजी. देवनागरी हिंदीमुळे येते, बोलणं फाडफाड, पण मराठी पुस्तक हातात धरलेलं नाही. त्याच्या शेजारी बसलेला असतो खानदेशातून वडिलांच्या नोकरीमुळे आलेला मुलगा, जो पुण्यातल्या कुठल्याही मुलासारखं वाचतो. क्वचित एखादी गुजराती मुलगी, जिला मुंबईत नोकरी करायची आहे. भाषेच्या आठ क्रेडिटांत जे काही मराठीच्या वाट्याला येईल, ते यांतल्या कोणाला डोळ्यांसमोर ठेवून बेतायचं? संतकाव्यापासून सुरू करायचं की अर्ज आणि बातमी लिहिण्यापासून? दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं आहे, आणि मला स्वतःला अर्ज-बातमीकडून सुरुवात करून संतकाव्याकडे जावं असं वाटतं. माझं वाटणं बाजूला ठेवा. विभागाला काय वाटतं आणि का, ते वाचायला मिळावं.

तसंच मोडीचं. गायकवाडी दप्तराचा केवढा तरी भाग मोडीत आहे, तो इथेच बडोद्यात आहे, आणि तो वाचणारी माणसं वर्षागणिक कमी होत आहेत. कौशल्याच्या नऊ क्रेडिटांत सोशल मीडिया मार्केटिंग बसतं, तर तीन क्रेडिटांची मोडी का बसू नये? कदाचित शिकवणारा नसेल. कदाचित पाच मुलंही नाव नोंदवणार नाहीत. कदाचित इतिहास विभाग म्हणेल हे आमचं, मराठी म्हणेल आमचं, आणि त्यातच ते राहील. यातलं कुठलंही कारण मी ऐकून घेईन. शिकवणारा नाही असं लिहून आलं, तर या शहरात मोडी वाचणारे निवृत्त कारकून आणि हौशी अभ्यासक अजून आहेत. त्यांच्यातला एखादा शनिवारी दोन तास यायला तयार होईल, पण त्याला हे आधी कळलं पाहिजे.